नोकरी आणि घर सांभाळताना बर्नआउट कसा टाळावा: पुण्यातील नोकरदारांसाठी सविस्तर मार्गदर्शन

थकलेल्या नोकरदार माणसाला सर्वांत आधी मिळणारा सल्ला विश्रांतीचा असतो. चार दिवस रजा टाका, कोकणात जाऊन या, सकाळी उठून प्राणायाम करा, असे जवळची माणसे कळकळीने सांगतात आणि त्यात चुकीचे काहीच नसते. मात्र सुट्टीने आलेली टवटवी काही आठवड्यांतच ओसरते, हे सुट्टीच्या परिणामांवरील अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे, कारण परतल्यावर तेच वेळापत्रक, त्याच रात्रीच्या मीटिंगा आणि घरातली तीच एका माणसाच्या अंगावर पडलेली कामे वाट पाहत असतात. म्हणून या लेखात क्रम वेगळा ठेवला आहे. आधी भार मोजायचा, मग संबंधित माणसांशी बोलून तो खरोखर कमी करायचा आणि त्यानंतर विश्रांतीकडे वळायचे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कंपन्यांत, चाकणच्या कारखान्यांत, बँकांत, रुग्णालयांत आणि शाळांत काम करणारे, आणि त्याच वेळी घरी लहान मुले किंवा वृद्ध आईवडील असलेले वाचक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

पायरी १: साधा थकवा, बर्नआउट आणि आजार यांतला फरक ओळखा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली. त्यानुसार बर्नआउट हा आजार नसून, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था आहे. तिची तीन लक्षणे सांगितलेली आहेत: शक्ती संपून गेल्याची भावना, कामाबद्दल मनात निर्माण होणारा दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही ही जाणीव.

यांतले पहिले लक्षण सर्वांना कळते. रविवारी दुपारभर झोपूनही सोमवारी सकाळी अंग जड राहते, तेव्हा काहीतरी बिघडले आहे हे घरच्यांच्याही लक्षात येते. तिसरेही लवकर दिसते: एकच मेल पुन्हा पुन्हा वाचावा लागतो, अर्ध्या तासाच्या कामाला दुपार जाते. मला सर्वांत धोक्याचे वाटते ते दुसरे लक्षण, कारण ते स्वभावातला बदल समजून सोडून दिले जाते. एरवी नव्या मुलांना आवडीने शिकवणारा सीनियर त्यांच्या शंकांवर खेकसू लागतो. रुग्णाच्या नातेवाइकांशी शांतपणे बोलणारी नर्स त्यांच्याकडे न पाहता उत्तरे देऊ लागते. ‘हल्ली तो फार चिडचिडा झालाय’ असे सहकारी म्हणू लागले, तर त्या वाक्याचा राग न मानता ते धोक्याची सूचना म्हणून घ्यावे.

याच टप्प्यावर एकदा फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन यावे. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतूनही असाच सततचा थकवा येतो, आणि शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता नित्याची आहे. रक्त तपासून उलगडणाऱ्या गोष्टीसाठी नोकरीला महिनोन्‌महिने दोष देत बसणे योग्य नाही.

नैराश्य हीदेखील वेगळी बाब आहे. बर्नआउटची झळ सुरुवातीला प्रामुख्याने कामाशी निगडित असते आणि सुट्टीच्या दिवशी माणूस थोडा तरी खुलतो. मुलांशी खेळणे, आवडते गाणे, मित्रांची बैठक यांपैकी कशातच मन लागत नसेल, भूक आणि झोप बिघडली असेल आणि ही स्थिती दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवून थेट मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

पायरी २: दोन आठवडे प्रामाणिक नोंद ठेवा

‘खूप काम आहे’ या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. आकड्यावर करता येते. साध्या वहीत किंवा फोनमधल्या नोंदवहीत दोन आठवडे रोज चार गोष्टी लिहाव्यात: प्रत्यक्ष कामाचे तास, प्रवासाचा वेळ, घरकामाचा वेळ, आणि कामाची वेळ संपल्यावर ऑफिससाठी फोन किंवा लॅपटॉप किती वेळा उघडला ते. शेवटची नोंद कंटाळवाणी आहे, पण डोळे उघडणारी ठरते ती तीच.

उदाहरणादाखल वाकडमध्ये राहून हिंजवडीत जाणाऱ्या एका टेस्ट लीडचा आठवडा पाहू. ऑफिसात रोज साडेनऊ तास, म्हणजे पाच दिवसांचे साडेसत्तेचाळीस तास. आठवड्यातून चार संध्याकाळी घरून दीड-दीड तासाचा कॉल, म्हणजे आणखी सहा तास. रविवारी रात्री ‘उद्याची तयारी’ म्हणून दोन तास. ही बेरीज साडेपंचावन्न तासांवर जाते, आणि विचारले तर ती व्यक्ती ‘नऊ-साडेनऊ तासांची नोकरी आहे’ असेच सांगेल. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासात, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले होते. भूमकर चौकातल्या वाहतुकीत जाणारा वेळ या तासांत धरलेला नाही, पण शरीर तो धरते, म्हणून वहीत त्याचा स्वतंत्र रकाना हवा.

पायरी ३: नेमके काय खाते आहे ते शोधा

बर्नआउटवर आयुष्यभर संशोधन केलेल्या क्रिस्टिना मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी नोकरीतल्या सहा जागा दाखवल्या आहेत, जिथे माणूस आणि काम यांचे जमेनासे होते: कामाचे प्रमाण, कामावरचे स्वतःचे नियंत्रण, मिळणारा मोबदला आणि दाद, सहकाऱ्यांशी असलेले संबंध, न्याय्य वागणूक, आणि मूल्ये. नोंदवही समोर ठेवून या सहांपैकी कोणती एक-दोन कारणे आपल्याला लागू पडतात हे ठरवावे, कारण उपाय त्यावर अवलंबून असतो. ज्याचे दुखणे अन्यायाचे आहे, म्हणजे राबतो एक आणि बढती दुसऱ्याला मिळते, त्याचे तास कमी करून फारसा फरक पडणार नाही. ज्याला काय, कधी आणि कसे करायचे यातले काहीच ठरवता येत नाही, त्याला पगारवाढीने चार महिने बरे वाटेल, इतकेच. ग्राहकाला खोटे आश्वासन देण्याचे काम ज्याच्या वाट्याला आले आहे, त्याने मात्र दुसरी नोकरी शोधायला लागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल्यांचा झगडा वेळापत्रक बदलून मिटत नाही.

बहुतेकांच्या बाबतीत कामाचे प्रमाण आणि नियंत्रण हीच दोन कारणे निघतात, म्हणून पुढची पायरी त्यांच्यासाठी आहे.

पायरी ४: वरिष्ठांशी बोलून भार कमी करून घ्या

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि ती टाळली तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या मलमपट्टी ठरतात. आपल्याकडे काम नाकारणे हे उद्धटपणाचे किंवा आळसाचे लक्षण मानले जाते, आणि तक्रार करायची नाही, मुकाट्याने करत राहायचे, हा संस्कार लहानपणापासून झालेला असतो. त्यामुळे माणसे एकतर काहीच बोलत नाहीत, किंवा सहनशक्ती संपल्यावर थेट राजीनामाच देतात. या दोन टोकांच्या मध्ये बोलण्याची भरपूर जागा आहे.

बोलण्यासाठी भर कामाच्या गडबडीतली वेळ निवडू नये. अर्ध्या तासाची स्वतंत्र वेळ मागून घ्यावी आणि सोबत दोन आठवड्यांची नोंद न्यावी. ‘मला जमत नाहीये’ ही सुरुवात नको; त्याने बोलणे तुमच्या क्षमतेवर जाते. त्याऐवजी असे मांडता येते: “सध्या माझ्याकडे तीन कामे आहेत: जुन्या ग्राहकाचे रिलीज, नव्या दोघांचे प्रशिक्षण आणि ऑडिटची कागदपत्रे. तिन्ही मिळून आठवड्याला साधारण साठ तास लागतात आणि माझ्याकडे पंचेचाळीस आहेत. यांतले कोणते काम पुढे ढकलायचे किंवा कोणाकडे द्यायचे, हे आज ठरवू या का?” असे मांडल्याने काम नाकारले जात नाही, फक्त त्याचा प्राधान्यक्रम वरिष्ठांना ठरवावा लागतो, आणि तो ठरवणे हे त्यांचेच काम आहे. बैठक संपल्यावर जे ठरले ते चार ओळींच्या मेलमध्ये त्याच दिवशी लिहून पाठवावे, म्हणजे महिन्याभराने कोणाच्या आठवणीवर विसंबावे लागत नाही. सगळे मागणे मान्य होईल असे नाही, पण तीन मागण्यांपैकी एक मान्य झाली तरी पहिला टप्पा साधला असे समजावे.

परदेशी ग्राहकांसोबत काम करणाऱ्यांनी संध्याकाळच्या कॉलचा विषय वेगळा काढावा. न्यूयॉर्कमधल्या सकाळी नऊच्या कॉलची पुण्यातली वेळ उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाची असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात आणि तोच कॉल साडेसातला येतो, ते थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. म्हणजे हिवाळ्याचे चार महिने घरातले जेवण, मुलांचा अभ्यास आणि झोप हे सगळे एक तास पुढे सरकते, आणि कोणी तसे ठरवलेले नसते. ऑक्टोबरमध्येच ग्राहकाला विचारून तो कॉल त्यांच्या सकाळी आठला घेता येईल का, ते पाहावे; पुष्कळदा केवळ कोणी विचारत नाही म्हणून तो सरकतो. चौघांच्या टीममधल्या चौघांनीही रोज हजर असण्याची गरज असतेच असे नाही. आठवड्याला दोघे, अशी पाळी लावावी आणि उरलेल्यांना मुद्दे लिहून पाठवावेत.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना तासांवर एवढा ताबा नसतो, हे मान्य आहे. त्यांनी शिफ्ट बदलण्याचे वेळापत्रक किमान महिनाभर आधी मिळावे आणि रात्रपाळीनंतर लगेच पहिली पाळी लागू नये, या दोन मागण्या एकट्याने न करता गटाने कराव्यात.

रजांचाही हिशेब याच वेळी करावा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्यांना लागू होतो, अशा कामगारांना वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात, आणि वर्षात २४० दिवस काम केले असेल तर दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते, जी ४५ दिवसांपर्यंतच साठवता येते. व्यवस्थापकीय पदांवरील व्यक्तींना हा कायदा लागू नाही, त्यांनी आपले नियुक्तिपत्र वाचावे. रजा शिल्लक ठेवणे ही निष्ठा समजली जाते, पण त्या निष्ठेची नोंद कोणी ठेवत नाही.

पायरी ५: कामाचा दिवस रोज रीतसर बंद करा

घरी आल्यावरही डोक्यात काम चालू राहते, त्याचे कारण बहुधा अर्धवट राहिलेली कामे असतात. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की अपुरे काम पूर्ण केले नाही, पण ते कधी आणि कसे करायचे हे नेमके ठरवले, तरी ते मनात घोळणे बरेच कमी होते. याचा उपयोग साधा आहे. निघण्याआधीची शेवटची पंधरा मिनिटे राखून ठेवावीत आणि प्रत्येक अपुऱ्या कामापुढे उद्याची वेळ आणि पहिली कृती लिहावी. ‘रिपोर्ट’ एवढेच न लिहिता ‘उद्या दहा वाजता तिसऱ्या तक्त्यातले आकडे अकाउंट्सकडून मागवणे’ असे लिहावे.

कंपनीची बस किंवा मेट्रो यांतला वेळ शेवटचे मेल उरकण्यासाठी वापरू नये. स्वारगेट ते पिंपरी-चिंचवड किंवा वनाज ते रामवाडी मेट्रोने जाणाऱ्यांना तर गाडी चालवण्याचाही ताण नसतो. तो अर्धा तास गाणे, वाचन किंवा नुसते बाहेर पाहणे यासाठी ठेवला, तर माणूस घरात शिरताना ऑफिस सोबत आणत नाही. घरून काम करणाऱ्यांना ही सीमा स्वतः तयार करावी लागते. दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र टेबल शक्य नसले, तरी काम संपल्यावर लॅपटॉप बॅगेत घालून कपाटात ठेवणे आणि पायात चपला सरकवून दूध किंवा भाजी आणायला बाहेर पडणे शक्य असते.

ऑफिसचे व्हॉट्सअॅप ग्रुप रात्री आठनंतर गप्प करून ठेवावेत आणि खरोखर तातडीचे असेल तर फोन करा, असे टीमला सांगून ठेवावे. तातडीचे किती असते, हे तेवढ्यातच कळते. जे स्वतः वरिष्ठ आहेत त्यांची जबाबदारी इथे दुहेरी आहे, कारण त्यांनी रात्री अकराला पाठवलेला ‘सकाळी बघा’ हा निरोपही समोरचा रात्रीच बघतो.

पायरी ६: घरातली कामे नव्हे, जबाबदाऱ्या वाटा

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यावर घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. ही तफावत समोर असताना स्त्रीला केवळ ‘स्वतःसाठी वेळ काढ’ असे सांगणे अन्यायाचे आहे. तो वेळ घरातल्याच कोणीतरी मोकळा करून द्यावा लागतो.

मदत आणि जबाबदारी यांत मोठे अंतर आहे. ‘सांग, काय आणू?’ असे विचारणारा नवरा मदत करत असतो, पण काय संपले आहे, कधी लागणार आहे आणि कुठे मिळते हे लक्षात ठेवण्याचे काम बायकोच्याच डोक्यात राहते. गॅसचा नंबर लावणे, शाळेच्या बसचे पैसे, मुलीच्या वर्गात शनिवारी द्यायचा प्रकल्प, सोसायटीचा मेंटेनन्स, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या: थकवते ते हेच आठवणीत बाळगणे. म्हणून अख्खा विषय एकाकडे द्यावा. “आजपासून बाबांची औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांच्या वेळा तुझ्याकडे. गोळ्या आणल्यास का, हे मी विचारणार नाही, आणि कुठली संपली ते तूही मला विचारायचं नाहीस,” असे एकदा स्पष्ट बोलून घ्यावे आणि मग खरोखरच विचारू नये, पहिल्या महिन्यात थोडी गडबड झाली तरी. दुसऱ्याची पद्धत आपल्यासारखी नसेल. ती तशी असू द्यावी लागते.

पोळ्यांना मावशी लावणे किंवा कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आठवड्यातले दोन दिवस डबा आणणे यात कमीपणा मानू नये. घरातल्या ज्येष्ठांना ते रुचत नसेल तर वाद घालण्याऐवजी, रात्रीच्या कॉलच्याच दोन दिवशी बाहेरचे आणि बाकीचे दिवस घरचे, असा तोडगा बहुधा मान्य होतो. आईवडील सातारा, सांगली किंवा नगरकडे एकटे राहत असतील तर दर शनिवारी एकट्याने धावण्याऐवजी भावंडांमध्ये महिन्याची वाटणी लिहून ठरवावी, आणि जो जाऊ शकत नाही त्याने तिथल्या मदतनिसाचा खर्च उचलावा.

पायरी ७: आता विश्रांतीकडे वळा

जर्मन संशोधिका साबिने झोनेनटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये शक्ती भरून येण्याचे चार अनुभव मांडले: कामापासून मनाने दूर होणे, शरीर-मन सैल पडणे, काहीतरी नवे शिकून हातोटी मिळवणे, आणि आपला मोकळा वेळ आपल्या मर्जीने वापरणे. फोनवर तासभर व्हिडिओ पाहण्यात यांतले जेमतेम एक साधते. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर चालायला जाण्यात, फोन घरी ठेवला तर, किमान तीन साधतात. तबला, पोहणे, संस्कृत, बागकाम, काहीही चालेल. अट एवढीच की त्याचा नोकरीतल्या बढतीशी संबंध नसावा.

झोप सात तासांखाली जाऊ देऊ नये. कॉफीतले निम्मे कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे साडेसहाच्या कॉलआधी घेतलेली कडक कॉफी साडेअकरालाही निम्मी अंगात असते.

पायरी ८: बाहेरची मदत केव्हा आणि कुठे घ्यावी

वरचे बदल करून सहा-आठ आठवडे झाले आणि फरक पडला नाही, रोज ऑफिसला निघताना छाती धडधडू लागली, किंवा झोपेसाठी दारूचा आधार लागू लागला, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जावे. जगण्यात अर्थ नाही, असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तिथे मराठीत बोलता येते. अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी गोपनीय समुपदेशनाची सोय ठेवतात. ती आहे का, हे एचआरच्या माहितीपत्रकात पाहावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांच्या उपचारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे असते, परंतु दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाचा खर्च अनेक पॉलिसींत बसत नाही, म्हणून आधी विचारून घ्यावे.

पायरी ९: वर्षाचे कॅलेंडर आधीच आखा

नोकरी आणि घर या दोन्हींची गर्दी वर्षातल्या ठरावीक आठवड्यांतच एकमेकांवर आदळते, त्यामुळे ती आधी दिसू शकते. मार्चमध्ये आर्थिक वर्षाची अखेर आणि मुलांच्या परीक्षा जवळजवळ एकत्र येतात. जून-जुलैमध्ये शाळा सुरू होतात आणि पालख्यांच्या मुक्कामात शहरातले रस्ते बंद असतात. गणपतीत घरी पाहुणे असतात आणि मध्यवर्ती पेठांतून ये-जा करणे कठीण होते. नोव्हेंबरमध्ये परदेशी कॉलची वेळ सरकते. जानेवारीत जोडीदारासोबत बसून हे आठवडे कॅलेंडरमध्ये खुणा करून ठेवावेत आणि प्रत्येक खुणेपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: त्या काळात घरातले कोणते काम बंद राहील, ऑफिसातली कोणती नवी जबाबदारी स्वीकारायची नाही, आणि गर्दी ओसरल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत कोणते दोन-तीन दिवस रजेचे असतील. त्या रजांचे अर्ज त्याच बैठकीत भरून टाकावेत, आणि पालखी व विसर्जनाच्या दिवशी घरून काम करण्याची परवानगी मागणारा मेलही त्याच दिवशी पाठवून द्यावा.